मैदानाची किल्ली

महापालिकेचं अंदाजपत्रक वाचणं हा काही चारचौघांत सांगण्यासारखा छंद नाही. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्यावर मला तो लागला. जाडजूड पुस्तक, बारीक अक्षर, आणि 'क्रीडा' हे लेखाशीर्ष शोधता शोधता पाणीपुरवठा, मलनिःसारण, पथ विभाग असं सगळं शहर डोळ्यांखालून जातं. अखेर ते पान सापडतं. क्रीडासंकुलाचं उर्वरित बांधकाम, व्यायाम साहित्याची खरेदी, स्पर्धा भरवणे, चषक व स्मृतिचिन्हे, गुणवंत खेळाडूंचा सत्कार, पंचांचं मानधन. दरवर्षी थोड्याफार फरकानं हेच. मग मैदान कुठे आहे? मैदानाची माती, नळ, दिवे, कुंपण, पावसाळ्यानंतर गवत काढणं हे बघायचं तर दुसरी पानं उलटावी लागतात. थोडं उद्यान विभागात, थोडं विद्युत विभागात, थोडं क्षेत्रीय कार्यालयाच्या किरकोळ दुरुस्तीत. खेळ ज्या जागेवर होतो ती जागा खेळाच्या पानावर नसते.

कायद्याची पुस्तकं उघडली तरी चित्र फार बदलत नाही. राज्यघटनेत खेळ हा राज्यांच्या सूचीतला विषय. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा कामांच्या त्या यादीत उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत. पण रोजचा कारभार चालतो तो १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर, ज्याला जुने कर्मचारी अजूनही बीपीएमसी ॲक्ट म्हणतात. त्यात कलम ६३ मधली कामं करावीच लागतात : पाणी, गटारं, कचरा, रस्ते, दिवे, प्राथमिक शाळा. कलम ६६ मधली कामं ऐच्छिक. बागा, क्रीडांगणं, पोहण्याचे तलाव या दुसऱ्या गटात मोडतात. मला यात गैर काही वाटत नाही. पाणी आणि फुटबॉल यांत पाणी आधी, हे कुणीही मान्य करील. फक्त ऐच्छिक कामात जेवढी कुणाची तरी इच्छा गुंतलेली असते तेवढंच काम होतं. इमारत बांधण्यात कंत्राटदाराची इच्छा असते, चषकात नगरसेवकाची, सत्कारात तर सगळ्यांचीच. उन्हाळ्यात मैदानावर दोन वेळा पाणी मारण्यात कुणाची असणार?

मी मूळची दादरची, त्यामुळे महापालिका आणि खेळ हे दोन शब्द एकत्र आले की मनात आधी शिवाजी पार्क येतं. १९२५ साली मुंबई महापालिकेनं ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला आजचं नाव मिळालं. जागा अठ्ठावीस एकरांच्या आसपास. आजच्या भावानं तिची किंमत किती होईल हा हिशेब मी करत नाही; तो करणारे पुष्कळ आहेत.

शिवाजी पार्कबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथून निघालेल्या क्रिकेटपटूंची नावं सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहेतच. रमाकांत आचरेकर सरांच्या नेटवर सचिन तेंडुलकर घडला तो इथंच. मला मात्र त्या जागेत महापालिकेनं काय केलं यापेक्षा काय केलं नाही ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तिनं तिथं प्रेक्षागृह बांधलं नाही. एकाच खेळासाठी जागा आखून बाकीच्यांना बाहेर काढलं नाही. तिकीट लावलं नाही. मैदान सपाट केलं आणि भोवती एक बुटकी भिंत घातली. तोच कट्टा. एक किलोमीटरहून थोडा जास्त घेर, बसायला बरोबर उंचीचा. कट्ट्यालगत सकाळी फेऱ्या मारणारे, त्यांच्या फेऱ्या मोजत बसलेले, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलेले, आणि संध्याकाळी ज्यांना चालायचं नसून नुसतं शेजारी बसायचं असतं असे, सगळे तिथं मावतात. मुंबईत जास्तीत जास्त माणसांना चालायला लावणारी व्यायामाची सोय कोणती असं कुणी विचारलं, तर मी या कट्ट्याचं नाव घेईन. तो व्यायामासाठी बांधलेला नव्हता, तरीही.

मैदानात सुट्टीच्या दिवशी इतके सामने एकमेकांत घुसलेले असतात की एका सामन्यातला पॉइंट दुसऱ्या सामन्यातल्या पंचाच्या मागे उभा असतो. चेंडू कुणाचा, झेल कुणाचा, चौकार कुणाच्या खात्यात, यावर भांडणं होतात आणि मिटतात. मी लहानपणी तिथं पाहिलेलं सगळ्यात मोठं क्रीडाशिक्षण हेच होतं. कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाचं काम कित्येक दशकं चाललं आहे. उदय देशपांडे यांनी तिथून दोरीवरचा आणि पुरलेला मल्लखांब देशोदेशी नेला, २०१९मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कातच भरवली, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात महापालिकेनं काही शिकवलं नाही. जागा मोकळी राहिली म्हणून शिकवणारे टिकले.

म्हणजे सगळं छान होतं असं नाही. ज्या ज्या संस्थेला कोपरा मिळाला तिचं कुंपण पक्कं होत गेलं. सभा, मेळावे, मांडव यांनी मैदान इतकं भरू लागलं की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१०मध्ये ते शांतता क्षेत्र ठरलं. अलीकडे मैदानात टाकलेल्या लाल मातीची धूळ आसपासच्या घराघरांत जाते म्हणून रहिवासी आणि महापालिका यांच्यात बरंच काही झालं. पाणी फवारणं झालं, गवत लावणं झालं, तज्ज्ञांचे सल्ले झाले. या धुळीच्या भांडणाला लोक हसतात. मला ते खेळाच्या धोरणाचं भांडण वाटतं. शंभर वर्षांच्या मैदानाला आज काय हवं आहे, तर मातीचं काम जाणणारा माणूस, पाणी आणि रोजचं लक्ष. यातल्या कशाचंही उद्घाटन करता येत नाही.

लग्नानंतर ज्या शहरात आले तिथली महापालिका मुंबईपुढे लहान. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक शहरांत असंच असावं. आमच्या भागात विकास आराखड्यानं क्रीडांगणासाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. महाराष्ट्रात नगररचनेचा कायदा १९६६चा. त्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जागा महापालिकेनं दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक तशी नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरची मुदतही नुसती गेली तर आरक्षण सुटतं. आमची एक जागा अशी गेली. ती गेली त्या दिवशी कुणाला कळलंही नाही. क्रेन आली तेव्हा कळलं. जमीन घ्यायला पैसे नव्हते हे खरं असेल. त्याच काळात दुसऱ्या वॉर्डात क्रीडासंकुलाच्या इमारतीला पैसे होते, हेही खरं.

दुसरी जागा वाचली. तिला कुंपण झालं, लोखंडी फाटक झालं, फाटकाला कुलूप लागलं आणि वेळेचा फलक आला : सकाळी सहा ते दहा, सायंकाळी चार ते आठ. शाळा दुपारी सुटली की मुलं कुंपणावरून उड्या मारून आत जात. एकदा मी कंत्राटी वॉचमनला विचारलं, "दादा, दुपारी बंद का ठेवता?" तो म्हणाला, "बाई, दुपारी पोरं येतात ना."

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस हसले आहे, पण त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचं चुकत नव्हतं. त्याला दिलेलं काम मैदान सांभाळण्याचं होतं. मुलं आली की काच फुटते, नळ तुटतो, कुणी पडतं, आणि विचारणा त्याला होते. मैदान रिकामं राहिलं म्हणून त्याला कधी कुणी जाब विचारलेला नाही. वरच्या साहेबांपासून खालपर्यंत सगळ्यांची हीच गत. मालमत्ता शाबूत आहे का, हे तपासणारी यंत्रणा आहे. मालमत्ता वापरली जाते का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे कुलूप हे सगळ्यांच्या सोयीचं उत्तर ठरतं.

कुलूप आलं की किल्ल्या येतात. एक वॉचमनकडे, एक क्षेत्रीय कार्यालयात आणि एक, नियमात नसलेली, तरुण मंडळाच्या सेक्रेटरीकडे. मंडळाची मुलं वाईट नव्हती. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने तीच भरवत, मैदानावर पाणीही तीच मारत. पण किल्ली त्यांच्याकडे, म्हणून मैदान त्यांचं. खो-खोच्या सरावासाठी मी शाळेच्या मुलींना घेऊन गेले की खेळपट्टीवरून चालू नका असं मला सांगण्यात येई. पत्र आणा, अनामत भरा, पावती दाखवा, असा नियम फक्त आम्हालाच लागे, कारण आम्ही विचारून येत होतो.

खो-खोला खरं तर किती कमी लागतं. तीस मीटर लांबीची सपाट जागा, दोन खांब, आखायला फक्की. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्रातले. त्या आठवड्यात सगळीकडे अभिनंदनाचे फलक लागले. एका फलकाच्या पैशांत दोन खांब येतात, हे माझ्यासारखीच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. तो फलक आमच्या मैदानाच्या कुंपणालाच बांधला होता म्हणून जरा जास्तच.

मग खुल्या व्यायामशाळा आल्या. त्यांना नावं ठेवणं आता सोपं झालं आहे, तरी सुरुवातीला मला त्या मनापासून आवडल्या होत्या. जिमची फी न परवडणारा माणूस उघड्यावर, फुकट, कधीही व्यायाम करू शकतो, ही कल्पना चांगलीच होती. पिवळी-निळी यंत्रं बसली, निधी कुणाचा ते मोठ्या अक्षरांत आलं, 'चौदा वर्षांखालील मुलांस मनाई' ते लहान अक्षरांत. नव्याचे नऊ दिवस गेले. संध्याकाळी बरोबर चौदा वर्षांखालची मुलं त्यावर लोंबकळू लागली, कारण घसरगुंडी आणि झोके काढूनच ती जागा केली होती. पाय पुढेमागे हलवायचं जे यंत्र असतं त्याचं बेअरिंग सगळ्यात आधी गेलं. ते बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण खरेदी एका विभागाची, बसवणं दुसऱ्याचं, आणि ग्रीस लावणं कुणाचंच नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या चौकात नवी यंत्रं आली.

आणि तरीही एक गंमत मी रोज पाहत असे. कंबर फिरवायच्या गोल चकतीवर दोन आज्या समोरासमोर उभ्या राहून, दांडा धरून, डावीकडे-उजवीकडे फिरत तास-तास बोलत. व्यायाम म्हणून त्याची किंमत वैद्यकीयदृष्ट्या किती, मला सांगता येणार नाही. पण त्या घरातून निघत होत्या, रस्ता ओलांडून येत होत्या, ओळखीपाळखी वाढवत होत्या. यंत्र बंद पडल्यावर त्यांनी येणं सोडलं. शेजारी बाक होता, तिथं बसता आलं असतं. पण "बाकावर नुसत्या बसलेल्या बायका बऱ्या दिसत नाहीत," असं त्यांतल्या एकीनं मला सांगितलं. चकतीवर उभं राहिलं की बाहेर थांबायला कारण मिळत होतं.

बायका आणि मुली यांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. २०२४मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार २०२२ साली भारतातल्या प्रौढांपैकी ४९.४ टक्के लोकांची हालचाल पुरेशी नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. पुरेशी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. हे आकडे मी एका सभेत सांगितले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, बायकांचा घरकामात व्यायाम होतो की! घरकाम या मोजणीत धरलेलंच असतं. ते धरून एवढी तफावत आहे.

शाळेत मी ही तफावत तयार होताना पाहिली. पाचवी-सहावीत मुलगे आणि मुली सारख्याच धावतात. लंगडीत तर मुली पुढे. आठवीत खेळाच्या तासाला मुलींच्या चिठ्ठ्या यायला लागतात : पोटात दुखतं, पाय मुरगळला. मैदानावर स्वच्छतागृह नसलं की ही चिठ्ठी अगदी खरी असते. नववीत त्या भिंतीला टेकून उभ्या राहतात, दहावीला प्रश्नच मिटतो. आईवडिलांना दोष देणं सोपं आहे. पण संध्याकाळी सहानंतर ज्या मैदानाच्या दोन कोपऱ्यांत अंधार आणि आत-बाहेर करायला एकच फाटक, तिथं मीही माझ्या भाचीला एकटीला पाठवलं नसतं.

हे आपल्याच समाजाचं आहे असं मला वाटायचं. मग व्हिएन्नाची गोष्ट वाचनात आली. तिथल्या नगरपालिकेनं १९९६-९७मध्ये शहरातल्या बागा-मैदानांचा अभ्यास करवला. त्यात आढळलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या एकदम घसरते, मुलग्यांची तशी घसरत नाही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की मोठी मोकळी जागा एकच असेल तर ती ताब्यात घेण्याची चढाओढ होते, आणि मुली त्या चढाओढीत पडण्याऐवजी निघून जातात. १९९९मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बागांमध्ये बदल करून पाहिले. एका मोठ्या जागेचे झाडं, पायवाटा वगैरेंनी लहान-लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली, पायवाटा नीट केल्या. मुली परत येऊ लागल्या, मुलग्यांना हुसकावून लावावं न लागता. जाळीनं वेढलेल्या चेंडूच्या मैदानांना एकाच दारामुळे पिंजऱ्याचं रूप येतं, म्हणून तिथं जास्त दारं काढायचं ठरलं.

हे वाचून मी आमच्या मैदानाकडे नव्यानं पाहिलं. जाहिरात नको, शिबिर नको, 'बेटी खेलाओ'छाप घोषणा नको. दुसरं एक फाटक हवं होतं. महापालिकांना उत्पन्नाचा पाच टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. त्यातून शिलाई यंत्रं वाटली जातात, कराटेचे वर्ग होतात. मैदानावर दोन दिवे आणि एक स्वच्छतागृह त्या निधीतून का होत नाही, असं मी एकदा प्रभाग कार्यालयात विचारलं. तिथल्या बाईंनी मला चहा पाजला आणि समजावलं की मैदान हा 'सर्वसाधारण' विषय आहे, महिलांचा नाही. त्यांचं म्हणणं फायलीपुरतं बरोबर होतं. पण मैदान सर्वसाधारण राहिलं म्हणूनच ते मुलग्यांचं झालं, हे त्या फायलीत लिहायला रकाना नव्हता.

स्पर्धांबद्दल मी फार बोलत नाही. महापौर चषक, आमदार चषक, क्रीडा महोत्सव यांनी मुलांना हुरूप येतो, आणि टी-शर्ट मिळतो. २०२२पासून काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. महापौरच नव्हते, तर त्यांचा चषक कुठला? त्या काळात मैदानावर येणारी माणसं कमी झालेली मला दिसली नाहीत. मोठ्या स्टेडियमांचंही तसंच. पुण्यात स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६च्या विश्वचषकात तिथं २९ फेब्रुवारीला केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून हरवलं. तो सामना ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. २००५नंतर तिथं आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही, क्रिकेट गहुंज्याला गेलं. पुणेकरांनी तिथं पाहिलं भरपूर, त्यात शंका नाही. पाहिल्यानं कुणाची चरबी उतरत नाही, एवढंच.

खरं तर शहरातला सगळ्यात जास्त व्यायाम मैदानावर होतच नाही, रस्त्यावर होतो. बसस्टॉपपर्यंत, शाळेपर्यंत, मंडईपर्यंत चालणं. त्या अर्थानं महापालिकेच्या क्रीडा विभागाहून पथ विभाग मोठा. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हा त्यावर आधी पथारीवाले येणार की माणसं, यावर पैजा लागल्या होत्या. दोघंही आले आणि चालणं वाढलं. महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद. वर्षातून एक दिवस. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४पासून हा प्रयोग चालू आहे, आणि आता तिथं दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, १२० किलोमीटरहून जास्त रस्ते चालणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांना मोकळे असतात. त्यासाठी नवं बांधकाम काही लागलं नाही. बॅरिकेड, स्वयंसेवक आणि दर आठवड्याला न कंटाळण्याची तयारी लागली. आपल्याकडे बॅरिकेड आहेत.

आता पैशांचा प्रश्न, जो मैदानाच्या गप्पांत आम्ही खेळाची माणसं नेहमी टाळतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ स्टोक गिफर्ड नावाची एक छोटी पॅरिश कौन्सिल आहे, आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखी. तिच्या बागेत दर शनिवारी सकाळी 'पार्करन' होत असे : पाच किलोमीटर, कुणीही यावं, पळावं किंवा चालावं, फुकट. दर आठवड्याला शेकडो लोक. २०१६मध्ये कौन्सिलनं ठरवलं की पायवाटा झिजतात, तर धावणाऱ्यांनी खर्चाला हातभार लावावा. साऱ्या देशात ओरड झाली. लोक व्यायाम करत नाहीत म्हणून सरकार रडतं आणि करायला लागले की त्यांच्याकडून पैसे मागतं, असा टीकेचा सूर होता. पार्करनवाल्यांनी पैसे द्यायला नकार दिला आणि तिथली धाव बंद पडली.

वाचणाऱ्या कुणालाही कौन्सिल खलनायक वाटेल. मला तिची थोडी दया आली. इंग्लंडमध्येही सार्वजनिक वाचनालय चालवणं हे स्थानिक कौन्सिलांवर कायद्यानं बंधनकारक आहे, खेळाच्या सोयी नाहीत. पायवाट झिजते हे तिचं म्हणणं खरंच होतं. शेकडो पायांनी ती झिजणारच, त्यासाठीच तर ती आहे. चूक फक्त बिल कुणाच्या हातात द्यायचं यात होती. जो पळतो त्याच्याकडून पायवाटेचे पैसे घ्यायचे, तर जो पळत नाही त्याच्या मधुमेहाचे पैसे शेवटी कोण भरतं, हाही हिशेब मांडावा लागेल. तो हिशेब गावच्या कौन्सिलच्या वहीत बसत नाही, कारण दवाखान्याचा खर्च दुसऱ्याच खात्यात पडतो. आपल्याकडे तर तो थेट घरातल्या माणसांच्या खिशातून जातो, म्हणून कुठल्याच वहीत दिसत नाही.

आमच्या मैदानाची झीज वेगळ्या कारणानं होते. वर्षातून काही आठवडे ते प्रदर्शनाला, लग्नसमारंभाला, दांडियाला भाड्यानं जातं. त्याला माझा विरोध नाही. गावात लग्नाला परवडणारी जागा कुठे आहे? पण मांडव उठला की मागे खड्डे, खिळे, तुटलेले ग्लास आणि ट्रकच्या चाकांच्या खोल रेघा उरतात. महिनाभर कुणी अनवाणी धावू शकत नाही, आणि आमच्याकडची मुलं अनवाणीच धावतात. मांडववाल्याची अनामत महापालिका परत देते, कारण 'मालमत्तेचे नुकसान नाही' असा शेरा असतो. कुंपण आणि फाटक शाबूत असतं ना. आणि भाडं जातं ते महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत. मैदानानं कमावलेल्या पैशांतून मैदानाला टोपलीभर मातीही मिळत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी, त्यात तरुण मंडळाची मुलंही होती, एक अर्ज केला. मागण्या चारच : भाड्यातला ठरावीक हिस्सा त्याच मैदानाच्या देखभालीला राखून ठेवावा, अनामत परत देण्याआधी मैदान कुणीतरी चालून पाहावं, मागच्या गल्लीकडे दुसरं फाटक काढावं, आणि दुपारी बारा ते चार मैदान उघडं असावं. मंडळाच्या मुलांची सही मिळवायला वेळ लागला, कारण दुसऱ्या फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार हे त्यांना आधी ठरवून हवं होतं. मी म्हटलं, त्याला कुलूपच नको. यावर बराच वाद झाला. रात्री दारू प्यायला लोक येतील, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो हवेतला नव्हता. शेवटी ठरलं, रात्री दहाला बंद, पहाटे पाचला उघडं, आणि किल्ली पलीकडच्या चहावाल्याकडे, कारण तो रोज दोन्ही वेळा तिथं असतो.

अर्ज आवक-जावक खिडकीवर दिला, पोच घेतली. तो उद्यान विभागाकडे गेला, तिथून मालमत्ता विभागाकडे, तिथून क्रीडा विभागाकडे. क्रीडा अधिकाऱ्यांनी आम्हाला आदरानं बसवलं, अर्ज नीट वाचला आणि म्हणाले, "बाई, कल्पना चांगली आहे, पण मैदान आमच्याकडे नाही हो. आमच्याकडे स्पर्धा." अर्ज पुन्हा उद्यान विभागाकडे पाठवला आहे. त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा आहे. नियम कुठला, ते विचारायला सोमवारी जायचं आहे.